पन्नास केबीची गोदूबाई

माझा फोन महागडा आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे जे झालं त्याचा अर्धा दोष फोनवर जाईल, आणि उरलेला अर्धा मी आणि आमची सोसायटी वाटून घेऊ. दुकानदाराने फोन देताना सांगितलं होतं की यातला फोटो इतका स्वच्छ येतो की माणसाच्या मनातलंही दिसतं. पण हा फोन फोटो काढतो तो एचईआयसी नावाच्या प्रकारात, आणि सरकारी अर्जाला हवा होता जेपीजी. दोन्हींत फरक काय, ते मला आजही सांगता येणार नाही. तो फरक मिटवायला मात्र माझी एक भरपगारी रजा, घरातली नवी कोरी चादर आणि सोसायटीतली माझी बारा वर्षांची अब्रू खर्ची पडली.

अर्ज माझ्या आईचा होता. आई, म्हणजे गोदूबाई तांडेल, राहायला मुरब्याला आणि विकायला बोईसरला. सकाळच्या टमटमने सुक्या मासळीची पाटी घेऊन येते आणि बोईसरच्या जुन्या बाजारात कोपऱ्यावरच्या चिंचेखाली बसते. पाटी म्हणजे डोक्यावर घ्यायची ती बांबूची टोपली. अडतीस वर्षं ती त्याच जागी बसते आहे. माझी शाळा, माझा डिप्लोमा, माझं लग्न, सगळं त्या चिंचेखालून आलं. आता जुना बाजार मोडायचा होता आणि त्यामागे नवं मच्छीमार्केट उभं राहिलं होतं, आत लाद्यांचे ओटे, वर पत्रा, शेजारी पाण्याचा नळ. पण ओटा त्याच बाईला मिळणार होता जिचा ऑनलाइन अर्ज गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत पोचेल. ज्यांचा पोचणार नाही त्यांनी कुठे बसायचं, हे नोटिशीत लिहिलं नव्हतं. चिंच तर तोडणारच होते.

आता कुणी म्हणेल, स्टेशनजवळ प्रतीक्षाचं फॉर्म भरायचं दुकान आहे, तिथे का गेला नाहीत? बाजारातल्या बाकी सगळ्या बायका तिथेच गेल्या होत्या. त्याचं असं आहे, की मागच्या वर्षी पॅनकार्डाच्या दुरुस्तीसाठी मी तिथे दीड तास रांगेत उभा होतो, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो होतो की हे शिकलेल्या माणसाने घरी बसून करायचं काम आहे. प्रतीक्षा पंचविशीची मुलगी. ती नुसती हसली. त्या हसण्यानंतर त्या दुकानाची पायरी चढणं मला शक्य नव्हतं. मी तारापूर एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात बावीस वर्षं आहे. माझी सही झाल्याशिवाय तिथून एक पिंप बाहेर पडत नाही. मला तिथे सगळे मानतात.

गेटवरचा वॉचमन सोडून. माझ्या ओळखपत्रावरचा फोटो बावीस वर्षांपूर्वीचा, म्हणजे डोक्यावर केस असतानाचा आहे. तो वॉचमन रोज आधी कार्ड बघतो, मग मला बघतो, आणि विचारतो, "साब, ये आप ही हो ना?" मी त्याला उत्तर देत नाही. मान ताठ ठेवून आत जातो.

तर आईला मी सांगितलं, तुझा अर्ज मी भरणार. आईने ती गोष्ट बाजारभर केली. तिच्या शेजारी बसणारी कमळी सांगत होती की आई गिऱ्हाइकाला बोंबील बांधून देतानाही सांगायची, माझा निम्या अर्ज घरातच भरणार हाय, तो कंपनीत सायेब हाय. एवढं झाल्यावर माघार घेणं म्हणजे आईला खोटं पाडणं होतं.

अर्जाला दोन फोटो हवे होते. एक अर्जदाराचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. दुसरा सध्याच्या जागेचा. जागेचा फोटो मी गुरुवारी सकाळीच बाजारात जाऊन काढला. आईने माल कमळीच्या पुढ्यात सरकवला, पाटी झटकली आणि जागेच्या बरोबर मध्यावर पालथी घातली. म्हणाली, काढ आता. आमच्याकडे हीच पद्धत आहे. बाई दवाखान्यात गेली, लेकीच्या बाळंतपणाला गेली, की जागेवर पाटी पालथी घालून जाते, आणि मग त्या जागेवर देवसुद्धा बसणार नाही. लहानपणी शाळेतून सुटून मी बाजारात यायचो तेव्हा लांबूनच पाटी दिसते का बघायचो. ती दिसली की आई आली, ती नाही दिसली की आई यायची आहे. त्यामुळे नुसत्या पाटीचा फोटो काढण्यात मला काहीच वावगं वाटलं नाही. मी तीन फोटो काढले, त्यातला सगळ्यात चांगला ठेवला.

अर्जदाराचा फोटो दुपारी माझ्या सोसायटीतल्या घरी काढायचा होता. इथे माझ्या हातून पहिली चूक झाली, पण तेव्हा मी तिला सुधारणा समजत होतो. आई माल विकून तशीच घरी आली होती. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, कपाळावर आठ आण्याएवढं कुंकू, केसांना दोन दिवसांचं तेल. हा फोटो सरकारदरबारी जाणार, सायेबाची आई म्हणून जाणार, असा मी विचार केला. भाग्यश्रीला, म्हणजे बायकोला, सांगून आईला तिची निळी कांजीवरम नेसवली, कुंकू पुसून बारीक टिकली लावली, केस चापून बसवले. आईने एकदाच विचारलं, लगीन हाय का कुनाचा? माझ्यावर तिचा पूर्ण विश्वास होता.

पार्श्वभूमीला चादर धरायला खालच्या मजल्यावरचा दर्पण चुरी आला. तो बँकेत आहे आणि त्याला प्रत्येक गोष्टीतलं थोडंथोडं कळतं, जे फार धोक्याचं असतं. चादरीचं एक टोक त्याने धरलं, एक भाग्यश्रीने. मी आईला सांगितलं, हसू नकोस, तोंड मीट, समोर बघ. आईने श्वासही रोखला. फोटो उत्तम आला. दर्पणचे दोन अंगठे तेवढे कोपऱ्यात दिसत होते.

अडीच वाजता मी संगणकासमोर बसलो. नाव भरलं, आधार भरलं, गाव, तालुका, धंद्याची वर्षं अडतीस. सगळं झरझर. मग फोटो चढवला आणि लाल अक्षरं आली. फाइलचा प्रकार अवैध. फक्त जेपीजी. आकार वीस केबीपेक्षा कमी नसावा, पन्नास केबीपेक्षा जास्त नसावा. माझा फोटो होता एचईआयसी आणि चार हजार केबी.

मी घाबरलो नाही. फाइलच्या नावाचं शेपूट खोडलं आणि तिथे जेपीजी असं स्वतःच्या हाताने लिहिलं. कारखान्यात पिंपावर लेबल बदललं म्हणून आतला रंग बदलत नाही, हे मी नव्या पोरांना दर वर्षी शिकवतो. पण माणूस स्वतःचं शिकवलेलं घरी आणत नाही. पुन्हा लाल अक्षरं.

दर्पण अजून तिथेच होता. तो म्हणाला, सोपं आहे, फोटो व्हॉट्सॅपवर कुणालातरी पाठवा, तो आपोआप जेपीजी होतो. सल्ला चांगला होता, हे मी आजही नाकारत नाही. पण मी तो फोटो भाग्यश्रीला पाठवायला गेलो आणि बोट सरकून तो गेला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर. तोही डॉक्युमेंट म्हणून, त्यामुळे तो एचईआयसीचा एचईआयसीच राहिला. मला ते कळलंही नाही. मी भाग्यश्रीच्या फोनवर फोटो शोधत बसलो होतो.

आता जरा ग्रुपवाल्यांच्या बाजूने विचार करा. भर दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या तांडेलांकडून एक शब्दही न लिहिता एका वयस्कर बाईंचा फोटो येतो. मागे पांढरी चादर, बाईंच्या अंगावर ठेवणीतली साडी, ओठ मिटलेले, नजर कुठेतरी पलीकडे. पहिले हात जोडले चेअरमननी. त्यानंतर चाळीस जणांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. एकाने आईंच्या प्रेमळ स्वभावाच्या आठवणीही लिहिल्या. हे गृहस्थ आईला कधीच भेटलेले नव्हते, उलट जिन्यात सुक्या मासळीचा वास येतो म्हणून त्यांनीच मागे तक्रार केली होती.

सव्वातीनला बेल वाजली. दार आईने उघडलं. दारात चेअरमन, सेक्रेटरी आणि समोरच्या हिनाबेन, तिघेही पांढऱ्या कपड्यांत. हिनाबेनच्या हातात चहाचा थर्मास, कारण अशा घरात चूल पेटवत नाहीत. आईने त्यांना आत घेतलं, पंखा लावला आणि हळू आवाजात विचारलं, "कोन गेला?"

चेअरमननी आईकडे पाहिलं आणि भिंतीला हात टेकला. फोटोतल्या बाई आणि या बाई एकच का, हे त्यांना ठरवता येईना, कारण आईने तोवर कांजीवरम सोडून लुगडं नेसलं होतं आणि कुंकू पुन्हा लावलं होतं. मी आतून आलो आणि खुलासा केला. खुलाशाने माणसं सुखावतात असा माझा समज होता. पण आलेली माणसं जरा नाराजच दिसली. सेक्रेटरी म्हणाले, निदान फोटोखाली दोन शब्द लिहायचे. आई मात्र खूश झाली. मी मेल्यावर एवढी मानसं येतात म्हंजे बरं हाय, असं म्हणून तिने हिनाबेनचा चहा सगळ्यांना वाटला.

चहा पिता पिता त्या शोकसभेचं सल्लागार मंडळ झालं. चेअरमन म्हणाले, फोटोचा प्रिंट काढा आणि तो स्कॅन करा. सेक्रेटरी म्हणाले, पालघरला जाऊन अर्ज हातोहात द्या, साहेब ओळखीचे आहेत. कोणते साहेब, ते त्यांना आठवेना. हिनाबेन म्हणाल्या, त्यांचा भाचा सगळं ऑनलाइन बदलतो, इंटरनेटवर फाइल बदलून देणाऱ्या साइट असतात, फुकटात. शेवटी मला पटलं ते हेच, कारण यात कुणाच्या पाया पडायचं नव्हतं.

फुकट साइट मला लगेच सापडली. त्या पानावर डाउनलोड असं लिहिलेली पाच बटणं होती, त्यातली चार जाहिरातींची. पहिल्या बटणाने मला वजन कमी करायचं चूर्ण दाखवलं. दुसऱ्या साइटने सांगितलं की माझ्या संगणकाला सतरा रोग झाले आहेत. तिसऱ्या साइटने फोटो बदलून दिला, पण तो पीडीएफ झाला. चौथ्या साइटने जेपीजी दिला, अगदी हवा तसा, फक्त आईच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत तिरपं स्वतःचं नाव छापून. माझ्या आईच्या तोंडावर स्वतःचं नाव लिहिणारा हा कोण, म्हणून मला खरोखर राग आला. दर्पण म्हणाला, पैसे भरले की नाव जातं. मी म्हणालो, प्रश्न तत्त्वाचा आहे.

पाचव्या साइटवर जमलं. दोन्ही फोटो एकदम चढवले, एक गोल चाक फिरलं आणि दोन्ही जेपीजी होऊन आले. स्वच्छ, कपाळावर काही नाही. त्या क्षणी मला जे वाटलं ते लपवत नाही. मला माझा फार अभिमान वाटला. मी खुर्चीतून उठलो, भाग्यश्रीला हाक मारली आणि पडद्याकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, चार वाजून गेलेत.

आणि आता प्रश्न आकाराचा होता. जेपीजी झालेला फोटो भरला सहा हजार केबी, म्हणजे आधीपेक्षा फुगला होता. त्याच साइटवर फोटो बारीक करायची एक पट्टी होती, टक्क्यांची. मी ती ओढली, दहावर नेली. फोटो झाला अकरा केबी. अर्ज म्हणाला, वीसपेक्षा कमी नको. मी पट्टी नव्वदवर नेली. चारशे. पुन्हा तीसवर नेली. अठरा. ऐंशीवर, दोनशे. त्या साइटने वर सांगितलं की फुकटात आता फक्त दोन वेळा उरल्या, मग एक तास थांबायचं. घड्याळात चार पंचवीस झाले होते.

आई इतका वेळ माझ्या मागे जमिनीवर बसून बघत होती. तिने विचारलं, "निम्या, ता नक्की काय करतंस?"

मी चिडूनच सांगितलं. फोटो जड आहे, हलका करायचा आहे. जास्त हलका केला की नको म्हणतात, कमी केला की नको म्हणतात.

"म्हंजे सुकवतंस," आई म्हणाली. "मंग असा सांग ना. बोंबील वलांडीच्या बांबूवर टाकला का पयल्या उन्हात लय पानी जाता. तवा सोडायचा नाय, आत कुजंल. चार उनं दिली तर हातात मोडतो, त्याचा भुगा. दोन उनं पुरी आन् तिसरा अर्धा. तू एकदा कच्चा काढतंस, एकदा भुगा करतंस. मधी थांब."

मी हे ऐकून हसायला हवं होतं. पण मला हसू आलं नाही. मी बावीस वर्षं गुणवत्ता विभागात आहे, आणि एवढ्या सरळ शब्दांत मला प्रक्रिया कुणी समजावली नव्हती. मी म्हटलं, मधे म्हणजे किती? आईने पट्टीकडे पाहिलं, पडद्यावर बोट सरकवत नेलं आणि म्हणाली, इथं. मी पट्टी तिथे नेली, बेचाळीसवर. दोन्ही फोटो एकदम दिले. एक निघाला चौतीस केबी, दुसरा सदतीस.

आईला मी अभिमानाने सांगितलं की तुझ्या अंदाजाने बरोबर आला. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

फाइली उतरवल्या तेव्हा साइटने माझी सगळी नावं पुसून त्यांना एक आणि दोन असे नंबर दिले होते. मी एक नंबर अर्जदाराच्या चौकटीत टाकला, दोन नंबर जागेच्या चौकटीत. हिरवी खूण आली. शेजारी नखाएवढा फोटो दिसला. चष्मा शोधायला वेळ नव्हता. भाग्यश्री आईचा फोन चालू करत होती, कारण त्यावर ओटीपी यायचा होता आणि आई बॅटरी वाचावी म्हणून फोन बंद ठेवते. मला त्या नखाएवढ्या चौकटीत काहीतरी गोल, तपकिरी दिसलं. तरी मी सवयीने खात्री करून घेतली. गुणवत्ता विभागात शेवटची तपासणी दुसऱ्याकडून करून घेतात. मी आईला म्हटलं, बघून सांग, ही तूच ना?

आई वाकली. डोळे बारीक करून तिने चौकट नीट पाहिली. तिची नजर अजून चांगली आहे.

"मीच," ती म्हणाली.

मी बटण दाबलं. चार एकोणपन्नास. अर्ज स्वीकृत.

पुढचे आठ दिवस माझे फार चांगले गेले. ग्रुपवर मी पावती टाकली, यावेळी खाली दोन शब्द लिहून. कारखान्यात चहाच्या वेळी एचईआयसी आणि जेपीजी यांवर मी थोडक्यात बोललो, म्हणजे अर्धा तास. प्रतीक्षाच्या दुकानावरून मी दोनदा काम नसताना गेलो, अगदी सावकाश. आईने बाजारात काय सांगितलं असेल, ते सांगायची गरज नाही.

मग पडताळणीचा दिवस आला. नव्या मार्केटच्या रिकाम्या हॉलमध्ये एक टेबल, त्यावर संगणक, आणि मागे वर्षाराणी नावाच्या क्लार्क मॅडम. बाजारातल्या सगळ्या बायका आपापल्या पिशव्या घेऊन आल्या होत्या. प्रतीक्षाही होती, कारण बाकीचे अर्ज तिचेच. मी खास इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईचं नाव पुकारलं तसे आम्ही पुढे झालो. मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला.

नाव, गोदूबाई तांडेल. व्यवसाय, सुकी मासळी. अर्जदाराचा फोटो, एक पालथी पाटी. खाली सध्याची जागा, आणि त्या चौकटीत निळी कांजीवरम नेसलेली माझी आई, मागे पांढरी चादर, कोपऱ्यात दर्पणचे दोन अंगठे.

मागे प्रतीक्षा उभी होती. तिचं ते हसू मला न बघताच दिसलं.

मी हळूच आईला विचारलं, "तू तर मीच म्हणालीस."

"मंग?" आई म्हणाली. "ती मीच ना?"

मी मॅडमना म्हटलं की दोन फोटोंची अदलाबदल झाली आहे, एका मिनिटाचं काम आहे. त्या म्हणाल्या की दुरुस्तीची मुदत काल संपली, आता त्यांच्या हातात बदल नाही. फोटोवरून ओळख पटली नाही तर अर्ज बाद करावा लागेल. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्याही वर कुणीतरी साहेब होते. अडतीस वर्षांची जागा, आणि ती घालवणारा मी, शिकलेला, घरी बसून काम करणारा. मला पहिल्यांदा वाटलं की वॉचमन रोज विचारतो ते बरोबरच आहे.

मॅडमनी नियमांचा कागद उलटा केला आणि वाचलं. शंका असल्यास शेजारच्या जागेवरच्या दोन व्यापाऱ्यांनी फोटो पाहून अर्जदाराची ओळख द्यावी. त्यांनी विचारलं, शेजारी कोण बसतं? कमळी पुढे आली, तिच्यामागे आणखी सहाजणी आल्या, कारण आमच्याकडे दोघींना बोलावलं तर दोघीच येत नाहीत.

मॅडमनी आधी खालचा फोटो दाखवला, माणसाचा म्हणून. कमळीने डोळे किलकिले केले. "ही कोन? कुनाच्या लग्नातली येवाईन का?" दुसरी म्हणाली, शाळेतली बाई दिसते. तिसरी म्हणाली, बिचारी वारलेली हाय वाटता. आई माझ्या शेजारीच उभी होती, पण एकीलाही ती फोटोत दिसेना. मीच तिचं कुंकू पुसलं होतं.

मग मॅडमनी अनिच्छेने वरचा फोटो मोठा केला.

"गोदूबाय," कमळी म्हणाली. आणि तिच्यामागे सहाजणी एकाच वेळी म्हणाल्या, गोदूबाय. कमळी पडद्याला बोट लावून सांगू लागली. ही कडेला निळ्या जाळ्याच्या दोऱ्याने शिवली हाय ना, ती ज्या साली मोठा वारा झाला त्या साली शिवली. हा काठाला लुगड्याचा तुकडा, तो तिच्या लग्नातल्या लुगड्याचा. ही चिंचेची मुळी. "हिच्या बाजूला मी तेवीस वर्सं बसते, मॅडम. मी हिला ओळखनार नाय?"

वर्षाराणी मॅडमनी पेन उघडलं. मग त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. शेजारील सात व्यापाऱ्यांनी अर्जदारास फोटोवरून एकमताने ओळखले. वर पाहून त्यांनी विचारलं, बरोबर ना? सगळ्या म्हणाल्या, बरोबर. त्यांनी शिक्का मारला. ओटा क्रमांक सात.

बाहेर आल्यावर मी आईला म्हणालो की माझी चूक झाली, प्रतीक्षाकडे गेलो असतो तर हे झालं नसतं. प्रतीक्षा जवळच होती, तिने मान हलवली. ती म्हणाली, सर, खरंच नसतं झालं.

"नसता झाला," आई म्हणाली. "तिने माजा तोंड लावला असता. तोंड काय, सगल्यांना असता. माजी पाटी माज्या पोरालाच ठावकी." आणि ती कमळीकडे वळून, बाजारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की बघ, घरात बसून भरला हाय, कुनाच्या दारात गेला नाय.

यावेळी प्रतीक्षा हसली, आणि मीही हसलो. मग मी तिला विचारलं की दुरुस्तीची पुढची मुदत कधी निघते, म्हणजे ओट्याच्या ओळखकार्डावर आईचा फोटो घालता येईल, यावेळी कुंकवाचा. आई म्हणाली, हात लावू नको. कार्ड आता ओटा क्रमांक सातवर खिळ्याला टांगलेलं आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. नाव, गोदूबाई तांडेल. फोटो, पालथी पाटी. मुरब्याच्या, सातपाटीच्या बायका येऊन ते बघतात, आणि अजून एकीनेही विचारलेलं नाही की हे कोण.

पडताळणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्याच्या गेटवर माझं कार्ड काढलं. वॉचमनने केसवाला फोटो पाहिला, मला पाहिलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "साब, ये आप ही हो ना?"

बावीस वर्षांत मी त्याला कधी उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी मी थांबलो, वाकून फोटो नीट पाहिला आणि म्हणालो, "मीच."